टीसीएल पावडर: बनते कशी, टाकीत किती टाकायची, ठेवायची कुठे? (प्रसंग घडलाय, कृपया वाचा)

खाडीकाठचा | शनिवार, रात्री १०:२०

मंडळी, एक प्रसंग घडला म्हणून धागा काढतोय. आधी प्रसंग सांगतो मग प्रश्न विचारतो, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमची ऐरोलीतली ५४ फ्लॅटची जुनी सोसायटी, मी दोन वर्षं सेक्रेटरी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर टाक्या धुवून घेतो तेव्हा टीसीएल पावडरची (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) २५ किलोची गोणी आणतो, त्यातली चार-पाच किलो लागते आणि बाकीची पंपरूममध्ये वर्षभर पडून असते, मग कधी गटाराच्या कडेने टाक, कधी कचऱ्याच्या डब्यांजवळ टाक, असं चालतं. गोणी सारखी उघडायला नको म्हणून मीच त्यातली थोडी एका श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात काढून वॉचमनच्या टॉयलेटमधल्या फळीवर ठेवली होती. डब्यावर काही लिहिलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी हाऊसकीपिंगच्या मावशींनी त्या टॉयलेटच्या पिवळ्या पडलेल्या फरशीवर अ‍ॅसिड ओतलं, डाग निघेना म्हणून वरून डब्यातली पावडर भुरभुरली आणि ब्रश घेऊन उकिडव्या बसल्या. खिडकी म्हणजे वीतभर जाळी, तीही पुठ्ठा लावून बंद केलेली. वॉचमन सांगतो की चर्र आवाज आला, फेस आला आणि मावशी दाराला धडकतच बाहेर आल्या, तोंडावर पदर, ठसक्यावर ठसका, डोळ्यांतून घळाघळा पाणी, शब्द फुटत नव्हता. मी खाली पोचलो तेव्हा पॅसेजमध्येसुद्धा नाक झोंबत होतं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिथे ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवून घेतलं. आता घरी आहेत, बऱ्या आहेत, पण जिना चढताना दम लागतो म्हणाल्या.

डबा मी ठेवला होता. ही गोष्ट दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. जी पावडर मी दरवर्षी स्वतः उचलून आणतो ती नेमकी काय आहे हे मला माहीतच नव्हतं, चुन्यासारखी दिसते म्हणून चुन्यासारखीच वागवली. इथे कारखान्यात काम केलेले, आरोग्य खात्यातले, टाक्या धुणारे सगळे लोक आहेत. ही बनते कशी, त्या टॉयलेटमध्ये झालं काय, टाकीत माप किती आणि ठेवायची कुठे, हे मला नीट समजून घ्यायचंय. पुढच्या रविवारी टाक्या धुवायच्या आहेत.

---

पाम_बीच | शनिवार, रात्री १०:४१

बापरे. मावशींना लवकर आराम पडो. आमच्याकडे पण अगदी असाच डबा आहे, आत्ता खाली जाऊन बघून आले. लोणच्याची बरणी आहे.

---

दुसरी_पाळी | शनिवार, रात्री ११:५५

खाडीकाठचा, मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात क्लोरीनच्या कामात ३१ वर्षं काढली, आता घरी असतो. तुमचं वाचून झोप लागेना म्हणून लिहायला बसलोय.

सुरुवात मिठापासून होते. लोकलने मुलुंड-भांडुपच्या बाजूने जाताना मिठागरं दिसायची ना, तसलंच साधं मीठ, कारखान्यांना लागणारं बहुतेक गुजरातेतून येतं. मिठाचं संपृक्त पाणी करायचं, ते स्वच्छ करून त्यातून वीज सोडायची. एकीकडे कॉस्टिक सोडा तयार होतो, हायड्रोजन निघतो आणि दुसरीकडे क्लोरीन. पूर्वी त्याला पाऱ्याचे सेल असायचे, आता मेम्ब्रेनचे. एक टन कॉस्टिक काढलं की साधारण ८८० किलो क्लोरीन निघतोच, तुम्हाला हवा असो की नसो, आणि क्लोरीन हा साठवून ठेवायला अवघड माल आहे. म्हणून कॉस्टिकच्या कारखान्याला तो कुठेतरी खपवावा लागतो, आणि ब्लीचिंग पावडर ही त्याची फार जुनी वाट आहे.

दुसरा माल चुना. कळीचा चुना पाणी टाकून विरवायचा, तो फुलतो, वाफा येतात, गार झाला की चाळून अगदी पिठासारखा बारीक करायचा. यात ओलावा किंचित लागतो. ठणठणीत कोरडा चुना क्लोरीन नीट धरत नाही आणि जास्त ओला झाला तर लगदा होतो. मग हा चुना उंच टॉवरमध्ये वरून सोडतात, आत एकाखाली एक खण असतात, प्रत्येक खणात दाताळं फिरत असतं, ते चुना ढकलत ढकलत खालच्या खणात पाडतं. क्लोरीन खालून वर येतो. चुना खाली पोचेपर्यंत त्याची ब्लीचिंग पावडर झालेली असते आणि उरलासुरला क्लोरीन गरम हवेने काढून घेतात. सगळी कसरत तापमानाची. या क्रियेत उष्णता निघते आणि ४०-४५ अंशांच्या वर गेलं की माल बिघडतो, क्लोरेट होतं, ताकद जाते.

टॉवर यायच्या आधी हे काम शिशाचं अस्तर लावलेल्या खोल्यांमध्ये व्हायचं. जमिनीवर चार बोटं चुना पसरायचा, खोली बंद करून क्लोरीन सोडायचा, आणि नंतर माणसांनी आत जाऊन फावड्याने पावडर पिंपात भरायची. इंग्लंडमध्ये हे कामगार तोंडावर फ्लॅनेलचे पट्टे एकावर एक गुंडाळून आत जायचे, श्वास तोंडाने फडक्यातून घ्यायचा आणि नाकाने बाहेर सोडायचा. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या जुन्या फोरमनने हे सांगितलं होतं आणि म्हणाला होता की तुझ्या गळ्यात जो मास्क अडकवलाय तो काढून खुंटीला टांगू नकोस. शेवटच्या पाळीपर्यंत टांगला नाही.

आता तुमच्या टॉयलेटात काय झालं ते. चुन्याने क्लोरीनला धरून ठेवलंय, एवढं लक्षात ठेवा. अ‍ॅसिड आलं की चुना अ‍ॅसिडला जाऊन मिळतो आणि धरलेला क्लोरीन मोकळा सुटतो, एकदम, सगळा. या पावडरची ताकद मोजतात ती सुद्धा अशीच, अ‍ॅसिड टाकल्यावर किती क्लोरीन सुटेल त्यावरून. चांगल्या ताज्या टीसीएलमध्ये ती ३० ते ३५ टक्के असते. म्हणजे १०० ग्रॅम पावडर अ‍ॅसिडवर पडली तर ३० ग्रॅमच्या वर क्लोरीन बाहेर येऊ शकतो. वीतभर खिडकीच्या खोलीत १० ग्रॅम सुद्धा फार झाला. कामाच्या जागी हवेत दहा लाख भागात अर्धा भाग ही मर्यादा धरतात आणि १० भागांना जीवाला धोका. आणि क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड. तो खाली, जमिनीलगत साचतो. मावशी उकिडव्या बसलेल्या होत्या, म्हणजे त्यांचं नाक बरोबर त्यात होतं. उभ्या असत्या तर दोन श्वास कमी गेले असते.

बाकी उद्या लिहितो.

---

नववी_ब | रविवार, सकाळी ८:१०

दुसरी_पाळी काका, फार सुंदर समजावलंत. मी डोंबिवलीला रसायनशास्त्र शिकवते, राहते कळव्याला. आमच्या पुस्तकात याला विरंजक चूर्ण म्हणतात. मुलं नाव पाठ करतात पण हे गटारावर टाकतात तेच आहे हे सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात.

टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम, उष्ण हवेत टिकावी म्हणून कळीचा चुना मिसळून स्थिर केलेली पावडर. ही पावडर मुळात पाणी शुद्ध करायला जन्मालाच आली नाही, कापड पांढरं करायला आली. त्याआधी मांजरपाट कुरणावर महिनोन् महिने उन्हात पसरून ठेवावं लागायचं. शीले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७७४ मध्ये क्लोरीन वेगळा केला, बर्थोलेने त्याने कापड पांढरं करून दाखवलं आणि १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने कोरड्या पावडरचं पेटंट घेतलं. वायू पिशवीत भरून नेता येत नव्हता, चुन्यात धरल्यावर नेता आला.

---

वाशी_सेक्टरवाला | रविवार, सकाळी ९:०२

एवढा धोका असेल तर टीसीएल बंदच करा की. महापालिकेचं पाणी शुद्ध येतं, घरोघर आरओ आहे. कशाला ती गोणी?

---

मुरबाडकर | रविवार, सकाळी ११:३०

वाशी_सेक्टरवाला, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मी जिल्हा परिषदेत आरोग्य सेवक होतो, मुरबाड आणि शहापूर दोन्ही तालुक्यांत नोकरी झाली.

बरोबर एवढ्यासाठी की नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन क्लोरीन टाकूनच येतं, त्यामुळे सोसायटीने रोज उठून टाकीत पावडर टाकायची अजिबात गरज नाही, काही सोसायट्या टाकतात आणि लोकांचे केस चिकट होतात, कपडे विटतात. पण टाकी धुतल्यावर, पाइप फुटून गढूळ पाणी आल्यावर, टँकर किंवा बोअरचं पाणी टाकीत घेतल्यावर टीसीएल लागते. आणि आरओ स्वयंपाकघरात एका नळाला असतो, दात घासायचं, भाजी धुवायचं, तान्ह्या पोराच्या अंघोळीचं पाणी टाकीतूनच येतं. शिवाय आरओच्या आधीचा कोळशाचा फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, म्हणून आरओचं पाणी उघड्या पातेल्यात दोन दिवस ठेवलं तर त्याला राखण काहीच नसते.

आता माप. चांगल्या पावडरीचं ढोबळ माप १००० लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीचं गणित आम्ही असं करायचो: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४ भागिले ४, सगळं मीटरमध्ये, म्हणजे घनमीटर येतात, एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. ३ मीटर व्यासाची विहीर आणि ४ मीटर पाणी असेल तर २८ हजार लिटर, म्हणजे साधारण ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते कारण घाणच क्लोरीन खाऊन टाकते. म्हणून गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्यायचं आणि मग टीसीएल.

टाकायची पद्धत मापापेक्षा महत्त्वाची आहे. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोडं पाणी घ्यायचं, त्यात पावडर टाकून लाकडी काठीने कालवायची, गुठळ्या मोडायच्या, मग बादली पाऊण भरेल एवढं पाणी घालून ढवळायचं आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. चुना खाली साका धरून बसतो. वरची निवळ तेवढी पाण्यात ओतायची. साका विहिरीत किंवा टाकीत टाकायचा नाही, त्याने पाणी फक्त जड होतं. मग एक तास थांबायचं. आम्ही शक्यतो रात्री टाकायचो, पहाटे बायका पाण्याला यायच्या आत काम झालेलं असायचं.

तासाभराने ओटी टेस्ट. छोट्या नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोल्युडीनचे थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. रंग दहा सेकंदांच्या आत बघायचा, नंतर तो गडद होत जातो तो धरायचा नाही. लिटरला ०.२ मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन नळाशी मिळाला की पाणी पिण्याजोगं. हे ओटीचं औषध मात्र हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी परत टाकीत ओतू नका, ते अपायकारक आहे. आता डीपीडीच्या गोळ्यांचं किट मिळतं, त्यात गुलाबी रंग येतो, ते जास्त बरं.

---

मुरबाडकर | रविवार, सकाळी ११:५२

एक राहिलं. पावडर जुनी झाली की माप फसतं. गावोगावचे जलसुरक्षक टीसीएलचे नमुने प्रयोगशाळेत पाठवतात आणि २० टक्क्यांच्या खाली क्लोरीन निघाला तर ती पावडर बाद. मी अशी ग्रामपंचायत बघितली आहे की पावडर रोज इमानदारीने टाकतायत आणि ओटी पांढरी, कारण गोणी मागच्या वर्षीची, तोंड उघडं, कौलातून पाणी ठिबकलेलं. त्या पावसाळ्यात त्या पाड्यावर जुलाबाचे पेशंट मी स्वतः खाटेवर घालून आणलेत. ज्या तालुक्यातल्या तलावांचं पाणी मुंबईला जातं त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर ही वेळ येते, हे मला आजही सहन होत नाही. एक वर्ष आम्ही तिथल्या विहिरीत दोन मडक्यांची पद्धत केली, नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने काढलेली आहे, आतल्या मडक्यात एक भाग टीसीएल आणि दोन भाग जाड वाळू ओली करून भरायची, त्याला भोक, ते बाहेरच्या मडक्यात, त्यालाही भोक, आणि दोरीने पाण्यात सोडायचं. घरगुती लहान विहिरीला दोन-तीन आठवडे हळूहळू क्लोरीन मिळत राहतो.

---

कॅज्युअल्टी_सिस्टर | रविवार, दुपारी ३:१५

मी ठाण्यात नर्स आहे. असे पेशंट दिवाळीच्या साफसफाईत हमखास येतात. जवळजवळ सगळ्या बायका, आणि जवळजवळ सगळ्या हेच सांगतात की दोन्ही एकत्र केलं तर जास्त चकाचक निघेल असं वाटलं.

असं झालं तर काय करायचं ते लिहिते. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, शक्य तर उंचावर, गॅस खाली बसतो. आणायला जाणाऱ्याने श्वास रोखून आत धावत जाऊ नये, दार-खिडक्या बाहेरून उघडता आल्या तर उघडा, नाहीतर दोन पेशंट होतात. कपड्यांवर उडालं असेल तर कपडे बदला. डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धरा, घड्याळ लावून, कारण दोन मिनिटांतच पेशंट बरं वाटतंय म्हणतो. दूध, लिंबू, व्हिनेगर, काही पाजायचं नाही, उलटी काढायची नाही. १०८ ला फोन. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठसका थांबला म्हणजे झालं असं समजू नका. फुफ्फुसात पाणी भरायला काही तास लागू शकतात, संध्याकाळी बरा वाटणारा पेशंट रात्री धापा टाकत येतो. मावशींना रात्रभर ठेवलं ते अगदी योग्य झालं. अजून दम लागतोय म्हणताय तर पुन्हा दाखवा, उद्याच.

अ‍ॅसिड म्हणजे फक्त फेरीवाल्याचं अ‍ॅसिड नाही. टॉयलेट क्लीनरच्या बाटलीत पण अ‍ॅसिड असतं. आणि पावडरऐवजी कपड्यांचं पातळ ब्लीच असलं तरी तेच, ते या पावडरचंच भावंड. अमोनियावाला काचेचा क्लीनर ब्लीचमध्ये मिसळला तर वेगळा विषारी वायू निघतो, तोही वाईट.

पण या पावडरला मी नुसतं वाईट म्हणणार नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूती रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने सगळ्यांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्याच्या वॉर्डात शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये दोनच्या आसपास. जंतू म्हणजे काय हे तेव्हा कोणाला धड माहीत नव्हतं. मी दर पाळीला हात धुताना नाही, पण नवीन मुली आल्या की हे त्यांना सांगतेच.

---

खाडीकाठचा | रविवार, रात्री ९:०५

सिस्टर, मावशींना उद्या सकाळी मी स्वतः घेऊन जातो. खर्च सोसायटीकडून होईल, कमिटीत आजच बोललो.

दुसरी_पाळी काका, पंपरूममध्ये आत्ता जाऊन आलो. गोणी उघडीच होती, सुतळी सैल बांधलेली. शेजारी जनरेटरच्या डिझेलचा कॅन, वर लोखंडी कपाट, त्यात रंगाचे डबे आणि टर्पेन्टाइन. त्या कपाटाच्या खालच्या बिजागऱ्या पार खाऊन गेल्यात, हात लावला तर पापुद्रे निघाले, वरच्या मात्र नीट आहेत. आजवर वाटायचं खाडीची हवा आहे.

---

दुसरी_पाळी | रविवार, रात्री १०:३०

बिजागऱ्यांनी तुम्हाला सगळं सांगितलंय. उघड्या पावडरीला हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो, म्हणजे अ‍ॅसिडने जे क्षणात केलं तेच हवा महिनोन् महिने हळूहळू करत असते, थोडा थोडा क्लोरीन सुटतो, तो जड म्हणून खालच्या बिजागऱ्यांना लागतो. जेवढं लोखंड खाल्लं तेवढी तुमच्या पावडरची ताकद गेली.

डिझेल उद्याच्या उद्या हलवा, सकाळची वाट बघू नका म्हटलं तरी चालेल. ही पावडर स्वतः जळत नाही पण दुसऱ्याला जाळते, आगीला प्राणवायू पुरवते. तेल, डिझेल, रंग, साखर, लाकडाचा भुसा, चिंध्या, काही जवळ नको. तरणतलावाला जी दाणेदार येते ना, ६५-७० टक्क्यांची, ती तर तेलाचा डाग पडला तरी पेट घेऊ शकते. आणि तलावाच्या दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या गोळ्या असतात, त्या हिच्यात मिसळल्या तर स्फोट होतो, एकच मापटं दोन्हींना वापरायचं नाही.

ठेवायची तर झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा ड्रम, आत गोणी तिच्या प्लास्टिकच्या अस्तरासकट. जमिनीपासून वर, प्लास्टिकच्या पाटावर. सावली, कोरडी जागा, हवा खेळती, इलेक्ट्रिक पॅनेलच्या खाली नको. झाकण उघडताना तोंड बाजूला करायचं, साठलेला वास आधी जाऊ द्यायचा. मापटं कोरडं आणि प्लास्टिकचं. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, आणि फडक्याच्या मास्कचा वायूला काही उपयोग नाही, तो फक्त धुळीपुरता.

आमच्याकडे क्लोरीनच्या ९०० किलोच्या टोनरचा (मोठ्या सिलिंडरचा) जॉइंट कुठे गळतोय हे शोधायला काठीला कापूस गुंडाळून अमोनियात बुडवायचा आणि जॉइंटजवळून हळू फिरवायचा, गळती असेल तिथे पांढरा धूर उठतो. पहिल्यांदा तो धूर बघितला तेव्हा कळलं की मघापासून आपण ज्या हवेत उभे आहोत तिच्यात हा होता आणि नाकाला सवय झाली होती. म्हणून वास येत नाही यावर विसंबू नका. वारा कुठून येतोय ते बघा आणि वाऱ्याला आडवं निघून वरच्या बाजूला जा. गेटवर वाऱ्याची पिशवी लावलेली असायची, आत शिरताना पहिली नजर तिच्याकडे. अजूनही कुठे गेलो की झाडाची पानं कुठे हलतायत ते बघतो.

---

टाकी_साफ_कळवा | सोमवार, दुपारी १:२०

मी टाक्या धुवायचं काम करतो. वरच्यांनी सगळं सांगितलं, एकच विनंती सगळ्या सेक्रेटरींना. आमची पोरं आत टाकीत असताना वरून पावडर टाकू नका. खरंच टाकतात लोक, काम लवकर होईल म्हणून. खालची टाकी म्हणजे एक झाकण, हवा नाही, आणि क्लोरीन तळाशी बसतो जिथे पोरं असतात. आम्ही आधी दोन्ही झाकणं उघडून ब्लोअर लावतो, वर एक माणूस दोरी धरून उभा, तो चहाला पण जात नाही. गाळ उपसून जेटने भिंती धुवायच्या, मग १० लिटरच्या बादलीत ३५ ग्रॅमच्या आसपास टीसीएल कालवून निवळ घ्यायची, ती लांब दांड्याच्या ब्रशने भिंतींना फासत फासत शिडीकडे यायचं, ब्लोअर चालू, कार्ट्रिजचा मास्क. बाहेर आल्यावर अर्धा तास तसंच. मग धुवून ते पाणी उपसायचं. टाकीत अ‍ॅसिड कधीच नाही, भिंतीवर क्षार कितीही असले तरी.

---

मासोळी | सोमवार, दुपारी ४:४८

छोटा प्रश्न, टाकी धुतल्यावर दर वर्षी माझे दोन-तीन मासे जातात. हेच कारण का?

---

नववी_ब | सोमवार, सायंकाळी ६:०५

मासोळी, हो. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो. बादलीत पाणी उघडं भरून २४ तास ठेवून मग फिशटँकमध्ये घ्या, किंवा दुकानात अँटीक्लोरीन मिळतं ते, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, दोन थेंब. टाकी धुतल्याच्या दिवशी मात्र आधीच भरून ठेवलेलं पाणीच वापरा.

---

घणसोली_७२ | मंगळवार, सकाळी ७:३०

गटाराच्या कडेने पांढऱ्या रेघा मारतात त्याचा उपयोग होतो का मग?

---

मुरबाडकर | मंगळवार, सकाळी ९:४०

ओल्या कचऱ्यावर आणि चिखलावर भुरभुरली तर फारसा नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मी दोन महिने त्याच कामावर होतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, खाली ठाणे-कल्याणच्या तळमजल्यांवर गुडघाभर गाळ. लोक पोतीच्या पोती त्या गाळावर रिकामी करायचे, वास यायचा म्हणून बरं वाटायचं, पण गाळातली घाण क्लोरीन तिथल्या तिथे संपवून टाकते. आधी गाळ काढायचा, जागा पाण्याने धुवायची आणि मग निवळ शिंपडायची, तेव्हा ती पावडर लेप्टोच्या (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाच्या) जंतूपर्यंत पोचते. अनवाणी फिरू नये आणि पायाच्या जखमा झाकाव्यात, हे त्या रेघांपेक्षा जास्त कामाचं.

---

खाडीकाठचा | पुढचा सोमवार, सकाळी ७:१५

काम झालं, लिहून ठेवतो, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

मावशींना दोनदा दाखवलं, छातीचा एक्सरे स्वच्छ आहे, डॉक्टरांनी दोन आठवडे तोंडाने ओढायचा श्वासाचा पंप दिलाय, तेवढे दिवस पगारी सुट्टी. आमच्याकडचं फरशीचं अ‍ॅसिड बंद केलं. टॉयलेट क्लीनर वरच्या मजल्यावरच्या कपाटात आणि टीसीएल खाली नव्या ड्रममध्ये, दोन्हींच्या चाव्या वेगळ्या माणसांकडे. ड्रमवर मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, शिवाय मावशींना वाचता येत नाही म्हणून बाटलीचं आणि पावडरचं चित्र काढून मध्ये लाल फुली. चित्र आमच्या सहाव्या मजल्यावरच्या मुलीने काढलं.

जुन्या गोणीतल्या पावडरची निवळ करून ओटी पाहिली तर नवीनच्या मानाने रंग अगदीच फिका, गुठळ्याही झाल्या होत्या. ती आता टाकीला वापरणार नाही, बादलीत पातळ करून धुतलेल्या गटारांना संपवतोय, नवीन फक्त ५ किलो आणली.

काल दुपारी टाक्या धुतल्या, दोरी धरून मी स्वतः उभा होतो. रात्री ११ पर्यंत महापालिकेचं पाणी भरलं, खालची टाकी ६० हजार लिटर. भरल्यावर ओटी बघितली, रंग जेमतेम, म्हणून हिशोबाने १५० ग्रॅम घेतली, साका खाली ठेवून निवळ ओतली, वॉल्व बंद करून तासभर थांबलो आणि मग पंप चालू केला. आत्ता सकाळी ६ वाजता सातव्या मजल्यावरच्या शेवटच्या नळाचं पाणी घेतलं. ओटीत पिवळसर झाक आली, किटच्या रंगाच्या कार्डावर ०.२ आणि ०.५ च्या मध्ये. मासोळी, तुमच्यासारखे मासेवाले आमच्याकडे दोन आहेत, त्यांना शनिवारीच बादल्या भरून ठेवायला सांगितलं होतं.

दुसरी_पाळी काका, एक विचारायचं राहिलं. ड्रमची पावडर किती महिन्यांनी बदलू?

---

दुसरी_पाळी | सोमवार, सकाळी ८:००

आपल्याकडच्या दमट हवेत पावसाळ्याआधी आणलेली पावडर दिवाळीपर्यंत संपवायची आणि एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त उघडायची नाही. ड्रमवर आणल्याची तारीख लिहिली नसेल तर आत्ता लिहा. मावशींना माझा नमस्कार सांगा.